दोन डिस्क आणि जागा एकीचीच

माझी हार्ड डिस्क टकटक करायला लागली तेव्हा मे महिना संपत आला होता आणि मी आंबा चोखत बसलो होतो. आधी वाटलं, कूलरच्या पंख्याला काहीतरी घासतंय. कूलर बंद केला, तरी टकटक चालूच. मग हात धुतले, लॅपटॉपपाशी गेलो आणि त्या काळ्या डबीला कान लावला. चाळीस वर्षं माझी भोंगे, मशीन आणि माईक यांच्यात गेली. यंत्र कोणत्या आवाजात कुरकुरतं आणि कोणत्या आवाजात मरतं, एवढं मला कळतं. ही मरायला टेकली होती.

चंद्रपूरला लेकीला फोन लावला. ती तिथं पॉलिटेक्निकमध्ये संगणक शिकवते, आणि बापालाही पहिल्या वर्षाच्या पोरासारखंच शिकवते.

"बाबा, त्या डिस्कचं बिल आहे का?"

"नाही."

"का नाही?"

का नाही, ते तिला ठाऊक होतं. बिल न घेता मी नागपूरच्या दुकानदाराला किती खाली आणलं, हे मीच तिला एकेकाळी फुशारकीनं सांगितलं होतं. बिल नाही म्हणजे वॉरंटी नाही, हे तेव्हा मी सांगितलं नव्हतं, कारण तेव्हा मला ते सुचलंच नव्हतं.

"बरं. आता ती बंद करा आणि बंदच ठेवा. पुन्हा पुन्हा लावून बघू नका. नवीन वस्तू आणा, मग एकदाच लावा आणि सगळं उतरवून घ्या. आणि बाबा, घासाघीस करत बसू नका. त्या डिस्ककडे वेळ नाही."

"मी घासाघीस करत नाही," मी म्हणालो. "वाजवी भाव मागतो."

त्या डिस्कमध्ये माझी गाणी होती. माझी म्हणजे मी टेप केलेली. मी स्वतः गायलो तर समोरचा उठून जातो. आमचं गाव सावली तालुक्याच्या बाजूला, तलावाच्या काठी. घर मासेमारीवर चालायचं. सोळाव्या वर्षी मी ब्रह्मपुरीला एका लाउडस्पीकरवाल्याकडे भोंगे बांधायला लागलो आणि पंचविशीत स्वतःचे दोन भोंगे आणि एक मशीन घेतली. मशीन म्हणजे अ‍ॅम्प्लिफायर. आमच्या धंद्यात त्याला पूर्ण नावानं कोणी बोलावत नाही. पुढं खुर्च्या, ताडपत्र्या, मंडप करत करत ब्रह्मपुरीतच बिछायत केंद्र झालं. मला कोणी भांडवल दिलं नाही आणि कोणी वाट दाखवली नाही. जे मिळवलं ते भाव करून मिळवलं.

धान निघालं की आमच्या भागात गावोगाव नाटकं लागतात. मी मशीनच्या बाजूला टेपरेकॉर्डर ठेवायचो आणि जे माईकमधून यायचं ते उतरवून घ्यायचो. नाटकांतली गाणी, दंडारी, भजनं, लग्नात बायकांनी म्हटलेली गाणी. कॅसेटींना पांढरी बुरशी चढायला लागली तेव्हा एका स्टुडिओवाल्याकडून सगळं संगणकावर करून घेतलं. रिकाम्या झालेल्या कॅसेटी भंगारवाल्याला विकल्या, आणि त्यालाही प्लास्टिकचा चढा भाव द्यायला लावला. त्यामुळं आता जे काही होतं ते त्या टकटक करणाऱ्या डबीत होतं, दुसरीकडं कुठंच नव्हतं.

इथं माझी एक तक्रार सांगून टाकतो, कारण पुढं जे झालं त्यात तिचा हात आहे. नाटक संपताना कंपनीचा मॅनेजर माईकवर सगळ्यांचे आभार मानायचा. गावच्या पाटलाचे, शाळेच्या हेडमास्तरांचे, चहावाल्याचे, मंडपाचे खड्डे खणणाऱ्याचे. माझ्याच माईकवर, माझ्याच भोंग्यांतून. माझं नाव त्यात कधी आलं नाही. एकदा नाही, दोनदा नाही, इतक्या वर्षांत एकदाही नाही. तीन वर्षांपूर्वी एका मंडळानं झाडीपट्टीची, म्हणजे आमच्या या भागाची, सेवा करणाऱ्यांचा सत्कार ठेवला. ध्वनीची शाल कोणाला मिळाली? त्याच मॅनेजरच्या साळ्याला, ज्यानं धंदा सुरू करून उणीपुरी तीन वर्षं झाली होती आणि ज्याचा माईक आजही शिट्टी मारतो. मी त्या दिवशी खुर्च्या पुरवल्या होत्या. तेव्हाच ठरवलं, एक दिवस ही सगळी नाटकं त्या मंडळासमोर नेऊन ठेवायची आणि म्हणायचं, ऐका.

पण घरात त्या डबीची खरी वाट पाहणारी होती माझी मोठी बहीण. आई लवकर गेली. बाईनंच, मी तिला बाईच म्हणतो, मला वाढवलं. डोक्यावर टोपलं घेऊन ती बाजारात झिंगे आणि मरळ विकायची, मी तिच्या मागं मागं. भाव कसा करायचा ते मी तिच्याकडून शिकलो. आता तिचे गुडघे गेलेत. ती माझ्याकडेच असते, मधल्या खोलीत, खिडकीपाशी खाट टाकून. तिला एकच गाणं ऐकायचं असायचं. तरुणपणी एका रोवण्यात, म्हणजे धानाच्या लावणीत, ती आणि तिच्या तीन मैत्रिणी चिखलात वाकून गात होत्या, तेव्हा मी धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, उभं राहून ते टेप केलं होतं. त्या तिघींतल्या दोघी आता नाहीत. ते ऐकायचं म्हणजे मला हाक मारायची, मी लॅपटॉप आणायचा, वायर लावायची, फाइल शोधायची. बहुतेक वेळा मी "संध्याकाळी पाहू" म्हणायचो आणि संध्याकाळी दुकानात असायचो.

"ते डबं बोलून राह्यलं ना," त्या दिवशी तिनं खाटेवरूनच विचारलं. "माह्यं गानं हाये ना त्यात?"

"हाये बाई. काही होत नाही."

"होत नाई त मंग पोरीले फोन काऊन लावला?"

लेकीनं उपाय सुचवला तो असा. नुसती दुसरी हार्ड डिस्क घेऊ नका. एक खोकं मिळतं, त्याला नॅस म्हणतात. त्यात डिस्क बसवायच्या आणि ते खोकं घरच्या राऊटरला वायरनं जोडून कायमचं चालू ठेवायचं. मग घरातल्या कुठल्याही फोनवर, कुठल्याही स्पीकरवर त्यातलं गाणं लावता येतं. आत्याच्या खाटेपाशी एक छोटा स्पीकर ठेवू, फोनवर तिच्या गाण्याचं एकच मोठं बटण करून देऊ, तिला कोणाला हाक मारावी लागणार नाही. इंटरनेटवर ठेवायचीही सोय असते, पण त्याचं दर महिन्याला भाडं. स्वतःच्या गाण्यांचं भाडं मरेपर्यंत दुसऱ्याला द्यायचं, हे मला पटलं नाही. शिवाय आमच्या इंटरनेटवरून एवढं सगळं वर चढवायचं म्हणजे पुढचं रोवणं उजाडलं असतं.

दुसऱ्याच दिवशी सकाळच्या बसनं मूल गावावरून चंद्रपूर गाठलं. लेकीनं सांगितलेलं दुकान एक बाई चालवत होती, पस्तिशीची असेल. ग्लासातून ताक पीत तिनं माझं सगळं ऐकून घेतलं.

"काका, गाण्यांना फार ताकदीचं खोकं लागत नाही," ती म्हणाली. "सिनेमे लावायचे असते तर महागातलं दाखवलं असतं. हे साधं घ्या. पंख्याचा आवाज कमी, वीज कमी खातं."

मला दुकानवाली आवडली. महाग नको म्हणणारा दुकानदार मी क्वचित पाहिलाय. मी मनातल्या मनात भाव पाडायला सुरुवात केली.

"यात डिस्क दोन बसतात. तुमच्या लेकीनं सांगितलंय तेवढ्या गाण्यांना चार टीबी खूप झालं. चार-चारच्या दोन देते."

"म्हणजे आठ."

"नाही काका. जागा चारचीच मिळेल."

मला वाटलं माझ्या ऐकण्यात चूक झाली. "पैसे दोन डिस्कचे?"

"हो."

"आणि जागा एकीची?"

"दोन्हींवर तेच लिहिलं जातं. एक गेली तरी दुसरीवर सगळं शाबूत राहतं. गेलेली काढायची, नवी घालायची."

"म्हणजे दुसरी नुसती बसून खाणार!"

"बसून नाही खात, तीही तेवढंच काम करते."

"मॅडम, मी चाळीस वर्षं धंदा केलाय. एक खुर्ची भाड्यानं देऊन दोनीचे पैसे मी कधी कोणाकडून घेतले नाहीत. ब्रह्मपुरीहून आला म्हणून माणसाला काय वाटेल ते सांगायचं?"

माझा आवाज चढला की चढतो. बाजूचं झेरॉक्सवालं पोरगं बाहेर येऊन पाहायला लागलं. दुकानवालीनं ताकाचा ग्लास शांतपणे खाली ठेवला.

"काका, एवढा आवाज असताना तुम्हाला माईकचा धंदा का करावा लागला?"

मी उठलो आणि निघालो.

त्याच रस्त्यावर पुढं दुसरं दुकान होतं. तिथला माणूस मला पाहून उभाच राहिला. भाऊ या, भाऊ बसा, चहा सांगू का. मी म्हणालो आठ टीबीची एकच डिस्क पाहिजे. त्यानं लगेच काढली. मी सांगितलेल्या भावाला त्यानं मान हलवली. मी आणखी खाली आणलं, पुन्हा मान हलवली. मला संशय आला. माझा एक नियम आहे, पहिल्याच मागणीला जो हो म्हणतो त्याच्याकडून उठायचं. डिस्क उलटी करून पाहिली तर स्क्रूच्या भोकांभोवती घासल्याच्या खुणा. ती आधी कुठल्यातरी बँकेच्या नाहीतर पेट्रोल पंपाच्या कॅमेऱ्यांचं चित्रण साठवत बसलेली असणार. म्हातारा बैल शिंगं रंगवून बाजारात उभा करतात तसं. चहा प्यालो आणि तिथूनही निघालो.

मग फोनवरून नागपूरच्या एका व्यापाऱ्याशी बोलणी सुरू केली. तो रोज थोडा उतरायचा, मी रोज थोडा चढायचो, दोघांनाही मजा येत होती. उन्हाचा तर कहर होता. जुनी डिस्क कपाटात फडक्यात गुंडाळून ठेवली होती. रोज वाटायचं, उद्या सौदा पटतो. असे अकरा दिवस गेले.

बाराव्या दिवशी दुपारी जेवताना मी बाईला सगळी कथा पहिल्यापासून ऐकवली. चंद्रपूरची बाई कशी लुटायला बसली होती, मी कसा फसलो नाही. बाई भाकरीचा तुकडा हातात धरून ऐकत होती.

"दोन डबे घे म्हने, अन् वापर एकाचाच," मी म्हणालो. "ह्या वयात मले शिकवून राह्यली."

"लहान्या, एक सांग. नाटकाले तू किती मशीन नेत होता?"

"दोन."

"वाजत किती होत्या?"

मी ताटातली भाकरी मोडायला लागलो.

"एक वाजे, दुसरी टेबलाखाली पोत्यात झाकून. गावचे लोक म्हनत, भाऊ, एकच वाजते त एकाचेच पैसे देतो. तू काय म्हने त्याईले? मी होती ना तिथी चूल मांडून. तू आरडाओरड करे का, मशीन मधात गेली त नाटक बंद पडन, मंग स्टेजवर तुह्या बापाचं गानं लावू का. दुसरीचे पैसे मोजून घेतल्याबिगर भोंगे बांधत नव्हता तू."

"ते वेगळं होतं."

"काय वेगळं?"

खरं तर दोनदा असं झालंही होतं. एकदा कुरखेड्याकडच्या एका गावात ऐन नाटकात मशीन जळाली, मी पोत्याखालची काढून जोडली आणि लोकांना कळलंसुद्धा नाही. टेबलाखालची मशीन हा माझ्या धंद्याचा जीव होता. मीच तिचे पैसे मागायचो आणि मीच चंद्रपूरला जाऊन एकीचेच देतो म्हणून भांडून आलो होतो.

"अन् भाव करून राह्यला कोनाशी?" बाई म्हणाली. "मासोळी ताजी असन त भाव कर. सडून राह्यली असन त लवकर घरी आन. तुले कितीदा सांगतलं."

दुसऱ्या दिवशी पुन्हा मूलमार्गे चंद्रपूर. दुकानातली बाई मला पाहून हसली नाही, म्हणून मला बरं वाटलं. तिनं ते खोकं, चार-चारच्या दोन डिस्क आणि वीज गेली तर थोडा वेळ धरून ठेवणारा यूपीएस टेबलावर मांडला. मी दोन्ही डिस्कचे पूर्ण पैसे दिले. बिल मागून घेतलं. मग सवयीप्रमाणे उभाच राहिलो.

"आता काय, काका?"

"वायर त द्यान का नाही?"

तिनं राऊटरची वायर फुकट दिली आणि वर माझ्या बहिणीसाठी घेतलेल्या छोट्या स्पीकरचा भावही थोडा कमी केला. येताना बसमध्ये मी तसा खूश होतो.

लेक रविवारी आली. देवघराच्या बाजूच्या फळीवर, कूलरच्या ओल्या वाऱ्यापासून दूर, खोकं बसवलं. जुनी डिस्क फडक्यातून काढली.

"बाबा, आता नीट ऐका. ही केव्हा बसेल सांगता येत नाही. सगळ्यात महत्त्वाचं जे असेल ते आधी उतरवा. मग बाकीचं. काय आधी?"

मी सांगितलं ते इथं जसंच्या तसं लिहितो. मी म्हणालो, "नाटकं."

"आत्याचं गाणं?"

"ते लग्नाच्या गाण्यांच्या फोल्डरमध्ये आहे. छोटं आहे. दुसरा नंबर."

माझ्या डोळ्यांसमोर ते मंडळ होतं, ती शाल होती आणि मॅनेजरचा साळा होता. नाटकंच गेली तर मी त्यांना काय ऐकवणार? लेकीनं माझ्याकडे एकदा पाहिलं आणि नाटकं लावून दिली. संध्याकाळी ती परत गेली.

नाटकं मोठी. डिस्क दमेकरी माणसासारखी चालत होती, थोडं द्यायची, थांबायची, टकटक करायची, पुन्हा थोडं. मी टेबलफॅन आणून तिच्यावर लावला आणि बाजूला पाट टाकून बसलो.

"मानसाले हवा नाई, डब्याले हवा," बाई मधल्या खोलीतून म्हणाली. "माह्यं आलं का?"

"येऊन राह्यलं."

सोमवार गेला. मंगळवारी दुपारी नाटकं पूर्ण झाली आणि मी लग्नाची गाणी लावली. तीही आली. मी एकेक उघडून पाहिलं. हळदीची होती, वरातीची होती, विहिणीला शिव्या देणारी होती. रोवण्याचं नव्हतं. पुन्हा पाहिलं. नव्हतं. मग खुर्चीवर बसून आठवायला लागलो की त्या दिवशी धुऱ्यावर मी काय करत होतो. शेवटी आठवलं. टेपरेकॉर्डर दुरुस्त करून आणत होतो. नीट झालाय का पाहावं म्हणून वाटेत उभं राहून चालू केला होता. म्हणजे ती टेस्टिंगची कॅसेट; बाईला लावून देताना मी नाव टाकून शोधायचो, फोल्डर कोणता ते कधी पाहिलंच नव्हतं. स्टुडिओवाल्यानं टेस्टिंगच्या सगळ्या कॅसेटी एका फोल्डरमध्ये टाकल्या होत्या, आणि तो फोल्डर मी यादीत धरलासुद्धा नव्हता. "हॅलो हॅलो" उतरवून काय करायचं?

तो फोल्डर लावला. डिस्कनं टकटक केली, थांबली, पुन्हा केली. सात-आठ फाइली आल्या. मग तिनं एक लांब घर्र असा आवाज काढला आणि गप्प झाली. लॅपटॉपवरून तिचं नावच गेलं. काढली, पुन्हा लावली, पंखा बंद केला, चालू केला, शिव्या दिल्या. काही नाही.

आलेल्या फाइलींत बाईची होती. उघडली. माझा तरुण आवाज, एक, दोन, तीन. मग पाण्याचा चुबुकचुबुक आवाज, एका बाईचं हसणं, गाण्याची दीड ओळ, आणि पुढं काहीच नाही. नागपूरला एक माणूस मेलेल्या डिस्कमधून काढून देतो म्हणून लेकीनं ती तिकडंही पाठवली. त्यानं हात टेकले. तो म्हणाला, दहा-बारा दिवस आधी आणली असती तर.

बाईला सांगायचं होतं. मी खाटेपाशी गेलो आणि नागपूरच्या त्या जुन्या दुकानदाराला शिव्या देण्यापासून सुरुवात केली. बिगरबिलाची वस्तू गळ्यात मारणारा, हरामखोर.

"लहान्या," बाईनं मला मध्येच थांबवलं. "नाई आलं ना?"

"दीड ओळ आली."

तिनं उशापाशी ठेवलेला छोटा स्पीकर पदरानं पुसला. मग म्हणाली, "तुही नाटकं आली?"

"आली."

"सगडी?"

"सगडी."

बाजारात एखाद्यानं तिला फाटकी नोट दिली तर ती जन्मभर त्याचं तोंड लक्षात ठेवायची. मला तिनं काही म्हटलं असतं तर बरं झालं असतं. त्या दोघी मैत्रिणींचा आवाज माझ्या हातानं गेला, हे मी कोणत्याच दुकानदारावर ढकलू शकत नाही.

मी म्हणालो, "बाई, तुले त पूर्ण येते. आत्ता म्हन. मी माईक लावतो."

"इथी? खाटेवर?" तिनं माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही मी तिला भर चौकात आंघोळ करायला सांगितलं. "रोवण्याचं गानं घरात म्हनत नाई. चिखलात पाय असन त म्हनाचं. एवढं बी समजत नाई तुले?"

लेकीनं फोनवर बाकीचं व्यवस्थित लावून दिलं. नाटकं ऐकू येत होती, स्वयंपाकघरातसुद्धा. पण प्रत्येक गाण्याखाली एकच ओळ दिसायची, अज्ञात कलाकार. लेक म्हणाली, नावं सांगा, मी भरते. मी बसलो आठवायला. हार्मोनियमवाला होता, त्याला सगळे मास्तर म्हणायचे. ती उंच आवाजाची बाई वडस्याकडची होती, की आरमोरीकडची? मी चाळीस वर्षं त्यांचा आवाज उतरवला आणि एकाही कॅसेटवर गाणाऱ्याचं नाव लिहिलं नाही. गावाचं नाव, मशीनचा नंबर, एवढंच. मॅनेजरवरचा माझा राग कमी झाला असं मी म्हणणार नाही. तो आहे तसाच आहे. पण त्या मंडळाकडं जायचं अजून जमलेलं नाही.

आषाढात रोवणं सुरू झालं. चुलतभावाची बांधी, म्हणजे धानाचं शेत, गावाच्या रस्त्याला लागूनच आहे. मी बाईला ऑटोत बसवून नेलं, धुऱ्यावर माझ्याच बिछायतीची प्लास्टिकची खुर्ची टाकली, आणि बाईनं लुगडं वर खोचून दोन्ही पाय बांधीच्या चिखलात सोडले. तिथं दहा-बारा बायका पऱ्हे, म्हणजे धानाची रोपं, रोवत होत्या. त्यांच्या मुखत्यारणीला, म्हणजे टोळीच्या म्होरकीला, मी म्हणालो, आमच्या बाईबरोबर तेवढं एक गाणं म्हणा.

ती कंबर सरळ करून उभी राहिली. "गान्याचे वेगळे पडतीन, भाऊ."

"वेगळे कायचे? तसंही गातच राह्यल्या तुमी."

"आमी आमच्यासाठी गाऊन राह्यलो. तुमी टेप करून राह्यले." तिनं माझ्या हातातल्या माईककडे बोट दाखवलं. "दिवाडीनंतर माह्या पोरीचं लगन हाये. बिछायत अर्ध्या भावात."

"पाऊण."

ती वाकली आणि पाठ फिरवून रोवायला लागली. मागून बाकीच्या हसत होत्या. बाई खुर्चीवरून ओरडली, "दे ना रे, काय मासे घेऊन राह्यला का!"

अर्ध्या भावात दिली. लग्नासाठी दोन मशीन आणायच्या, हेही तिनं कबूल करून घेतलं.

मग बाईनं गाणं उचललं. आवाज पहिल्यासारखा नव्हता, मधेच फाटत होता, पण पाय चिखलात होते. बायकांनी मागून धरलं. गाण्यातली बायको नवऱ्याला बाजारातून काय काय आणायला सांगते. बाईच्या वेळी ती बांगड्या मागायची, लुगडं मागायची, नथ मागायची. नथीच्या जागी बायकांनी एकदम मोबाईल म्हटला.

बाई थांबली. "काय म्हनलं वं?"

"मोबाईल, बाई. आमी असंच म्हनतो."

"नथ हाये तिथी. त्या वक्ती मोबाईल कुठी होता?"

"आता नथ कोन मागते, बाई?"

"मंग दुसरं गानं बनवा. हे माह्यं हाये."

"तुमचं काऊन? माह्या सासूनं शिकवलं मले!"

पुढचा बराच वेळ ते तसंच चाललं. एक कडवं गाणं, मग भांडण, मग पुन्हा कडवं. एकीनं बाईच्या बाजूनं नथ म्हटलं, दुसऱ्या टोकाकडच्या दोघींनी जोरात मोबाईल म्हटलं, आणि मुखत्यारीण ओरडली की तोंडाबरोबर हातपण चालू द्या. मी माईक धरून चिखलात उभा होतो, गुडघ्यापर्यंत. एका शब्दानंही मध्ये पडलो नाही. परत निघताना मी मुखत्यारणीला एकेका बाईचं नाव विचारून वहीत लिहून घेतलं.

घरी आल्यावर लेकीनं फोनवरून ती फाइल खोक्यात घातली, दोन्ही डिस्कांवर. मी म्हणालो, भांडण कापून टाकू आणि नुसतं गाणं ठेवू. बाईनं ऐकलं नाही. आता रोज सकाळी चहा झाला की ती स्वतःच बटण दाबते. मी आंघोळ करत असतो, तिकडून नथीची ओळ जवळ येते, आणि त्या बायका मोबाईल म्हणायच्या आधीच खाटेवरून बाईचा आवाज येतो, "चूप बसा वं!"